उतारावरचा पितळी डबा

जळगाव स्टेशनावर उतरले तेव्हा सकाळच होती, पण फलाटाची फरशी चपलेतून पायाला जाणवत होती. खानदेशचे ऊन पुण्याच्या उन्हासारखे हळूहळू चढत नाही, ते उगवतेच तापलेले. मुलांनो, तुमच्याकडे तिकडे परदेशात अजून बर्फ वितळत असेल, म्हणून आधी हे उन्हाचे सांगून ठेवते. सुहास, तू पत्रात विचारले होतेस, "आजी, तुमच्याकडे ट्रॅक्टर असतात का? आणि त्यांच्यापासून जपून राहायला शाळेत शिकवतात का? आमच्याकडे भिंतीवर चित्रेसुद्धा लावतात." आमच्याकडे ट्रॅक्टर नुकतेच येऊ लागले आहेत आणि शाळेत अजून काही शिकवत नाहीत. पण या प्रवासात मी जे पाहिले त्यात तुझ्या प्रश्नाचे उत्तर आहे. म्हणून सगळे क्रमाने लिहिते.

माझा भाचा वसंता फैजपूरजवळ केळीची शेती करतो. त्याच्याकडे आखाजीला (अक्षय्यतृतीयेला इकडे आखाजी म्हणतात) जायचे होते. इकडे हा सण दिवाळीइतका मोठा. लग्न झालेल्या मुली माहेरी येतात, कडुनिंबाला झोके बांधतात आणि दोन-चार दिवस कोणाची सून नसल्यासारख्या राहतात. वसंताची मुलगी इंदू धुळ्याकडे दिलेली. लग्न होऊन पाच वर्षे झाली, पण आखाजीला ती एकदाही आली नव्हती. आधी बाळंतपण, मग मूल लहान, मग वाट लांबची, असे दर वर्षी काही ना काही निघे. यंदा तिच्या सासूबाईंनी पहिल्यांदा होकार दिला होता. तिचा दीर तिला जळगावपर्यंत सोडायला आला होता. तिथून पुढे सोबत माझी.

फलाटावर इंदू ट्रंकेवर बसली होती. एका हाताला चार वर्षांची चिंगी, मांडीवर एक पितळी डबा. दीर म्हणाला, "अक्का, वहिनीले जपीसन न्या. आईना जीव लई घाबरा शे."

गाडीत मी इंदूला म्हटले, "अगं, तो डबा खाली ठेव की. हात अवघडले असतील."

"नको, आत्याआजी. सासूबाईंच्या लग्नातला डबा आहे हा. त्यांच्या वडिलांनी दिलेला. झाकणावर बघा, त्यांचं माहेरचं नाव कोरलंय. आईसाठी सांजोऱ्या करून दिल्यात त्यांनी यातून." मग जरा हळू आवाजात म्हणाली, "निघताना म्हणाल्या, सुखरूप परत आलीस तर पुढल्या वर्षीही धाडीन. नाहीतर हे पहिलं न् शेवटचं."

भुसावळला गाडी बदलून आम्ही तापीचा पूल ओलांडला. पलीकडच्या लहान स्टेशनावर वसंता ट्रॅक्टर घेऊन उभा होता. लाल रंगाचे ते यंत्र त्याने आंब्याच्या डहाळ्यांनी सजवले होते, पुढच्या जाळीवर हळदकुंकू लावले होते. मागच्या ट्रॉलीत केळीच्या खतासाठी घेतलेली पेंडीची पोती रचलेली. वसंताने चिंगीला उचलले आणि म्हणाला, "बघ, तुझ्यासाठी लोखंडी बैल आणलाय!"

गावातले नाना आणि काही मजूर वसंताबरोबर ट्रॉलीतून आले होते. नाना साठीच्या पुढचे, लाल पागोट्याचे, जन्म बैलगाडीवर गेलेला. त्यांनी ट्रॅक्टरच्या पाठीवर बैलाला मारावी तशी थाप मारली. "धडाचा दिसते बुवा. चारा काय खाते?"

"डिझेल, नाना."

"आन् शेन?"

मजूर हसले. आम्ही पोत्यांवर बसलो. त्याच गाडीने माहेरी आलेल्या गावातल्या आणखी दोघी मुलीही चढल्या. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळीच्या बागा लागल्या. मुलांनो, मी पुष्कळ हिंडले आहे, पण वैशाखात केळीच्या बागेजवळून जाताना अंगावर येतो तसा गारवा कुठे अनुभवला नाही. पाटाचे पाणी वाहत असते, पाने एकमेकांवर घासत असतात, आणि दहा पावलांवरचे ऊन दुसऱ्याच देशातले वाटते.

बागा संपल्यावर नाला लागला. नाला कोरडा, पण दोन्ही काठ उंच. रस्ता दरडीतून खोल उतरतो आणि तळाच्या वाळूत जातो. या उतारावर गाडीवानांची एक जुनी रीत आहे. भरलेली गाडी आली की सगळे खाली उतरतात. पुरुष मागे दोर धरून गाडी ओढून धरतात, म्हणजे बैलांच्या मानेवर भार येत नाही. बाया आणि पोरे पुढे चालतात, बैलांशी बोलत, त्यांना चुचकारत. बैल बुजत नाहीत आणि माणूस पुढे असले की पावले जपून टाकतात.

नाना खाली उतरले आणि सवयीने म्हणाले, "उतरा बरं सगये! पोरीहो, तुम्ही पुढे चाला. मजूरहो, दोर धरा रे."

वसंताने मान हलवली. त्याचेही सारे बालपण या उतारावर असेच गेले होते. मुली पदर खोचून पुढे निघाल्या. इंदूच्या कडेवर डबा, बोटाला चिंगी. माझे गुडघे दुखत होते म्हणून मी दरडीला हात लावत कडेकडेने उतरत होते.

ट्रॅक्टर उतारावर आला, तसा मागच्या भरल्या ट्रॉलीने त्याला ढकलायला सुरुवात केली. दोर धरलेल्या मजुरांच्या हातातून दोर सरसर निघून गेला. वसंता ओरडला, "बाजूला व्हा! इंदे, बाजूला!"

मुली मागे वळल्या आणि हसल्या. त्यांना वाटले, तो गंमत करतोय. त्यांच्या मागे आजवर जे काही चालत आले होते ते नेहमी थांबले होते. इंदूही हसली. मग तिने वसंताचा चेहरा पाहिला. तिने डबा टाकला, चिंगीला दंडाला धरून ओढले आणि दरडीवर जाऊन आदळली. दुसऱ्या दोघीही तिच्यामागोमाग. त्याच क्षणी वसंताने यंत्र समोरच्या बाजूच्या दरडीत घातले. ट्रॉली आडवी झाली, तिचे एक चाक रस्त्यावरून घसरत गेले आणि थांबले. दोन पोती फुटली. मग सगळीकडे फक्त पेंडीची धूळ.

कोणाला खरचटण्यापलीकडे काही झाले नव्हते. चिंगी रडतही नव्हती. ती बोट दाखवून म्हणाली, "आई, डब्याची पोळी झाली."

खरेच झाली होती. पितळ ताटासारखे सपाट झाले होते, आणि सांजोऱ्यांचा रवा वाळूत मिसळला होता. झाकणावरचे नाव मात्र वाचता येत होते.

घरी गेल्यावर वसंताची बायको गोदावरी हिने सगळे ऐकले. आधी तिने मुलीच्या आणि नातीच्या अंगावरून हात फिरवला, नंतर दार लावून घेतले.

"हे नाल्याचं कोणी बाहेर बोलायचं नाही," ती म्हणाली. "इंदूच्या सासरी कळलं तर पोरगी पुन्हा आखाजीला दिसायची नाही. आत्या, तुम्हीपण." मग डबा हातात घेऊन म्हणाली, "फैजपूरच्या तांबटाकडून असाच घडवून घेऊ. तेच नाव कोरून घेऊ."

वसंता खाटेवर बसून राहिला होता. तो एवढेच म्हणाला, "बरं." नानांना आणि मजुरांनाही निरोप गेला. दोघी मुलींना गोदावरीने शपथ घातली.

आखाजीच्या दिवशी घागरी भरून पूर्वजांना नैवेद्य झाला. उपड्या खापरावर भाजलेल्या, हाताच्या कोपरापर्यंत पोहोचतील एवढ्या पुरणपोळ्या, आमरस आणि कुरडया. खापरावर पोळी टाकणाऱ्या बायांचे हात मी मुग्ध होऊन पाहत बसले. मला ते कधी जमायचे नाही.

संध्याकाळी कडुनिंबाखाली मुली जमल्या. झोक्यावर बसलेल्या प्रत्येकीला विचारायची इथे रीत आहे, सासूने काय धाडले? एकीने साडीचे सांगितले, एकीने लाडवांचे. इंदूची पाळी आली. ती झोक्याचा दोर चाचपत राहिली.

"सांग ना वं, इंदे! सासूनं काय धाडलं?"

इंदू आईकडे पाहू लागली. गोदावरीने नजर खाली घातली.

झोका देणारी एक फटकळ मुलगी म्हणाली, "राहू द्या वं. धुयेवाली सासू! रिकाम्या हातानं धाडली असंन माय!" सगळ्या हसल्या.

इंदूने पाय टेकवून झोका थांबवला. ती घरात गेली आणि फडक्यात बांधलेला तो सपाट डबा घेऊन आली. "हे धाडलं," ती म्हणाली. "स्वतःच्या लग्नातला डबा भरून धाडला होता. माझी सासू रिकाम्या हातानं धाडत नाही."

डबा हातोहात फिरला. मग तिने सगळे सांगितले. उतार, दोर, वडिलांची हाक आणि आपण कशा हसलो ते. त्या दोघी मुली माना हलवत होत्या. एक म्हातारी म्हणाली, "पन तो थांबला कसा नही? बैल त मानसावर पाय देत नही."

ओट्यावरून वसंता उठून पुढे आला. "काकू, त्याला माणूस दिसतच नाही. मी ब्रेक दाबला होता. चाकं थांबली, पण ढकलणं थांबलं नाही."

"आसं कसं व्हईन?" नाना म्हणाले. "उद्या दाखव."

दुसऱ्या दिवशी सकाळी सारे गाव नाल्यावर. आधी नानांनी आपली भरलेली बैलगाडी उतारावर घेतली आणि स्वतः पुढे जाऊन पाठ करून उभे राहिले. बैल आले, थांबले, आणि एकाने त्यांच्या पागोट्याचा वास घेतला. नाना विजयी मुद्रेने वळले.

"आता इथंच उभे राहा, नाना," वसंता म्हणाला. "मी ट्रॅक्टर आणतो."

"मी? मले घरी काम हाये," म्हणत नाना दरडीवर चढले. लोक पोट धरून हसले.

नानांच्या जागी केळीचा एक जाड खांब आडवा टाकला. वसंता पोती भरलेली ट्रॉली घेऊन उतरू लागला, आणि खांबाच्या बऱ्याच अलीकडे, सर्वांना दिसेल असा, त्याने पाय ब्रेकवर दाबून धरला. चाके फिरायची थांबली. ट्रॅक्टर थांबला नाही. तो तसाच घसरत आला आणि खांबावरून जाऊन वाळूत रुतला. खांबाचा लगदा झाला होता. त्याचे पाणी वाळूत झिरपत होते, आणि कोणी हसत नव्हते.

नानांनी लगद्याचा एक तुकडा उचलून पाहिला. "आजपासून बाया-पोरं वर थांबतीन. हा खाली जाऊन पलीकडे चढला, की मंग चालायचं. आन् दोर कोनी धरायचा नही." त्यांनी वसंताकडे वळून पाहिले. "आन् तू कमी भरत जाय रे भाऊ. लोखंडाले दया नही."

इंदूला परत पोहोचवायला मीच गेले. धुळ्यात माझी शाळेतली मैत्रीण राहते, तिच्याकडे माझा पुढचा मुक्काम होता. गोदावरीने नवा डबा कुरडया भरून दिला, पण त्यावर नाव कोरून घेतले नव्हते. इंदूने ते करू दिले नाही. धुळ्याच्या अलीकडे पांझरेच्या काठी तिचे सासर. एस. टी. थांबली तेव्हा ती म्हणाली, "आत्याआजी, आपण आधी चहा पिऊ या का कुठे?" तिथे चहाचे दुकानच नव्हते.

सासूबाई उंच, सडपातळ, बोलायला कमी. पाणी दिले, चिंगीला जवळ घेतले. इंदूने नवा डबा पुढे ठेवला आणि त्याच्याशेजारी फडके सोडले.

"हाई काय शे?"

इंदूने सांगितले, काही न गाळता. सासूबाई कोरलेल्या नावावरून बोट फिरवत होत्या. मला राहवले नाही. मी म्हटले, "चूक आमची झाली, पण त्याची शिक्षा इंदूला नको."

"शिक्षानी गोट कोन करी ऱ्हायनं, अक्का?" त्या म्हणाल्या. मग इंदूला विचारले, "चिंगी कथी व्हती तवय?"

"माझ्या बोटाला."

त्या सपाट डबा घेऊन आत गेल्या आणि जेवणाच्या वेळेपर्यंत बाहेर आल्या नाहीत. पुढच्या वर्षाचा विषय कोणी काढला नाही. मी धुळ्याला गेले, मैत्रिणीकडे शेवभाजी आणि कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी खाल्ली, जुन्या गप्पा मारल्या, पण मन त्या घरातच अडकून राहिले.

परतताना टांगा करून पुन्हा त्या गावाला गेले. पांझरेत उतरणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी टांगा थांबला. खालून एक ट्रॅक्टर ऊस भरून येत होता. त्या गावातही एक आला होता तर. वर बाभळीखाली धुणे घेतलेल्या बाया उभ्या होत्या, आणि त्यांच्यात इंदूच्या सासूबाई. बाभळीच्या फांदीला काहीतरी चकाकत होते. तो सपाट डबा होता, तारेने बांधलेला.

"या अक्का," त्या म्हणाल्या. "बठ्ठ्या बाया इचारतस, हाऊ डबा आठे कसाले बांधा? मंग मी सांगस. कोनी पुढे चालस नही आते." विचारणाऱ्या प्रत्येकीला त्या नाल्यावरची हकिगत सांगत होत्या.

"पण तुमच्या वडिलांचा डबा..."

"मन्हा बापनी लेकले भरीसन दिन्हा व्हता. मी सूनले भरीसन दिन्हा. डबा गया ते जाऊ दे, सून ते घर उनी!" (उनी म्हणजे आली, मुलांनो.) ट्रॅक्टर धूळ उडवत आमच्याशेजारून गेला. तो वर जाईपर्यंत कोणी पाऊल उचलले नाही. मग त्यांनी धुण्याची पाटी डोक्यावर घेतली. "पुढला साले बी धाडसू. तुम्हना भाचाले सांगजात, उतारवर उतारी दे, आन् वर थांबाले सांग."

पुण्याला घरी येऊन आठवडा झाला. पाय अजून सुजलेले आहेत, पण मन शांत आहे. बैलापुढे चालणाऱ्या त्या मुली वेड्या नव्हत्या, मुलांनो. बैलाने तो विश्वास पिढ्यान् पिढ्या कमावलेला आहे. त्यांनी तो नव्या पाहुण्याला आयता देऊन टाकला, इतकेच. सुहास, तुमच्या शाळेच्या भिंतीवर चित्र आहे. पांझरेच्या उतारावर डबा आहे. वारा आला की तो बाभळीवर वाजतो. त्याच्याखाली पुढच्या आखाजीला निघालेली इंदू चिंगीचे बोट धरून थांबलेली असेल, आणि तिच्या कडेवर गोदावरीसाठी भरलेला दुसरा डबा असेल.