बायजाचा हात

हे मी कुणालाच बोलले नाही. मालकांना नाही, लेकींना नाही. आज तुम्हाला सांगते — म्हातारपणी पोटात काही राहत नाही म्हणा.

तेव्हा मी तरणी होते. धरणाच्या वसाहतीत एका दक्षिणेकडच्या साहेबांच्या घरी कामाला जायची. तिथं कॉफी दळायचं यंत्र होतं — लोखंडी, फळीला आवळलेलं, वर दांडा. आठवड्यानं ते खोलायचं, कुंचल्यानं आतली भुकटी झाडायची, पाणी अजिबात लावायचं नाही, पुन्हा जोडायचं. दांड्याखाली एक स्क्रू. आवळला की बारीक, सैल केला की भरड. जात्याच्या खिळ्याला चिंधी गुंडाळली की वरची तळी उचलते नि पीठ भरड पडतं ना — तसंच. साहेबांनी एकदाच दाखवलं. मग मीच चिमटीत चोळून ठरवायची, रव्याहून बारीक, पिठाहून जाड. बाईंना त्यातलं काही ठाऊक नव्हतं. पण पहिला पेला त्या मला द्यायच्या. आमच्या घरात सुनेला पहिलं कधी काही मिळालंय का?

मग बाळंतपणाला माहेरी, मुठ्याला जायचं ठरलं. साहेबही तेव्हा मुंबईला कामावर. माझ्या जागी धाकटी जाऊ जाणार — बायजा. तिचा नवरा अंथरुणाला खिळलेला, तिला हे काम हवंच होतं. गोड बाई, माझ्याहून चपळ. बाईंना तीच आवडली तर?

निघताना मी तिला सगळं दाखवलं. दांडा, कुंचला, पाणी लावू नको. स्क्रू तेवढा दाखवला नाही. आणि — ती पाण्याला गेली तेव्हा — तो अर्धा फेरा सैल केला.

परत आले तेव्हा कळलं. भरड निघतंय म्हणून बायजा तेच बी पुन्हापुन्हा दळायची, जात्यावर करतो तसं. तळहाताला फोड आले. तरी कॉफी पाणचट. बाईंनी तिला घरी धाडलं.

"जाऊ चांगला आहे तुझा," बाई त्यांच्या मराठीत म्हणाल्या, "पण हात नाही तिला."

मी मान खाली घालून स्क्रू आवळला. पहिला पेला प्यायले.

बायजा रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागली. मला म्हणाली, "आक्का, तुज्या हाताला गुण हाय. माज्या हाताला चवच न्हाई बग."

मी काय म्हणाले असेन? "व्हय गं, आसतं येकेकाचं." वर हसलेसुद्धा.

सणावाराला ती पुरणाला हात लावायची नाही. डाळ निवडायची, चूल फुंकायची, पाटा धुऊन द्यायची आणि बाजूला सरायची. "तूच वाट गं आक्का, माजा हात न्हाई." मरेपर्यंत तेच म्हणत राहिली.

आणि मी पुरण वाटत राहिले.