गडगडताईंचे आवाज

नाटकमंडळीत त्यांना खऱ्या नावानं कुणी हाक मारत नसे. पहिल्याच नाटकात त्यांनी विंगेत टांगलेला पत्रा हलवून असा काही गडगडाट केला, की पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी पिशवीतून छत्री बाहेर काढली म्हणे. तेव्हापासून त्या गडगडताई.

सव्वीस वर्षं त्यांची जागा एकच होती. डावी विंग, पडद्याच्या दोरीला लागून. तिथं तो पत्रा, खडीनं भरलेला लाकडी ट्रे, फुटक्या काचांची गोणपाटी पिशवी आणि एक बुटकं दार. दाराला कडी होती, कुलूप होतं, अडसर होता, फक्त पलीकडे खोली नव्हती. रंगमंचावरचं दार म्हणजे रंगवलेलं कापड. नट हात उचलायचा आणि ताई त्याच्या कोपराकडे नजर ठेवून आपल्या दारावर वाजवायच्या. आवाज कधी कोपराच्या आधी आला नाही की मागे राहिला नाही.

मंडळी काढली होती त्यांच्या नवऱ्यानं आणि धाकट्या दिरानं मिळून. नवरा नट, दीर दिग्दर्शक. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. दीर अजूनही म्हणत, "मंडळी आपली दोघांची आहे, वहिनी." ताईंना ते खरं वाटे.

एका दुपारी तालमीला दीर एक खोकं घेऊन आले. आत ताटाएवढी काळी पाटी, तिच्यावर रबराचे सोळा चौकोन, चार-चारच्या चार ओळी.

"हे काय, भावोजी?"

"मिडी पॅड म्हणतात याला. बोटानं दाबायचं, आवाज येतो. पत्रा हलवून तुमचा खांदा कामातून गेलाय, दिसतं मला. तुमच्यासाठीच आणलंय."

ताईंनी घरी नेऊन ते लॅपटॉपला जोडलं. चौकोन दाबला, त्याच्याखाली लाल दिवा लागला, पण आवाज काही आला नाही. दोन दिवस त्यांना वाटलं यंत्रच बिघडलेलं आहे. मग पुस्तिका वाचता वाचता उलगडा झाला, की या पाटीत आवाज नसतोच. ती जात्याच मुकी. कुठला चौकोन दाबला आणि किती जोरात दाबला, एवढंच ती लॅपटॉपला कळवते. आवाज आपण भरायचे.

"मग तर बरंच झालं," ताई म्हणाल्या. "आवाज आहेत माझ्याकडे."

अकरा दिवस दुपारच्या वेळी त्या रिकाम्या नाट्यगृहात बसल्या. मंडळीचा दिवेवाला पंखे बंद करून, माईक धरून समोर उभा राही. घामानं दोघं भिजून जात. खडीवरची पावलं झाली, काच झाली, गडगडाट झाला. दारासाठी मात्र चार दिवस गेले. बोटाच्या मागच्या पेरानं, दोन बोटांनी, मुठीनं, आणि तळहातानं धाडधाड. हे चारही आवाज त्यांनी एकाच चौकोनात एकाखाली एक बसवले. हळू दाबलं की पेराचा आवाज यायचा, जोरात दाबलं की धाडधाड.

अडचणी पुढेच होत्या. बोट पडायचं आणि आवाज डोळ्याची पापणी लवेपर्यंत मागे राहायचा. ताईंना ते खड्यासारखं लागे. लॅपटॉपवर तो उशीर कमी करत गेल्या तर आवाज चरचरायला लागला. तेव्हा एक पायरी मागे येऊन थांबल्या. एक चौकोन दाबला की टेबल हादरून शेजारचा आपोआप वाजायचा, म्हणजे गडगडाटाबरोबर काच फुटायची. पाटीखाली दुमडलेली सतरंजी घातली आणि हलक्या धक्क्याला दाद देऊ नकोस असं यंत्राला बजावलं. पाऊस आणि खिडकी यांची गाठ अशी मारली, की खिडकीचा चौकोन दाबताक्षणी पाऊस गप्प.

पहिला प्रयोग झाला आणि दिरांनी सगळ्यांसमोर हात जोडले. "वहिनी, तुम्ही तर जादू केलीत." रंगवलेल्या दारावर वाजवणारा नटसुद्धा म्हणाला की आपल्याच हाताचा आवाज आल्यासारखं वाटलं. ताईंना इतकं बरं पुष्कळ वर्षांत वाटलं नव्हतं.

महिन्याभरानं तेरा गावांचा दौरा ठरला. तालमीच्या खोलीतल्या फळ्यावर जाणाऱ्यांची यादी लागली. ताईंनी दोनदा वाचली.

"गाडीत जागा कमी आहे," दीर म्हणाले. "आणि एवढा प्रवास या खांद्यानं कशाला? तुम्ही सगळं इतकं सोपं करून ठेवलंय की आता कुणीही दाबू शकतं. हे तुमचंच यश की."

"कोण दाबणार?"

"आपली पोरगीच. नाहीतरी हिशेब, तिकिटं तीच बघते, विंगेत मोकळीच असते."

दिरांची मुलगी ताईंच्याच मांडीवर वाढलेली, आता सत्तावीस वर्षांची. वही घेऊन शिकायला आली. ताईंनी प्रत्येक चौकोनावर रंगीत चिकटपट्टी लावून दिली. दार पिवळं, पाऊस निळा. मुलीनं दार वाजवलं. एकदा धाड आलं, एकदा काहीच ऐकू आलं नाही.

"काकू, हे फार लहरी आहे. कसंही दाबलं तरी एकसारखा आवाज येईल असं नाही का करता येत?"

येत होतं. पाटीच्या कडेला त्यासाठी एक बटण होतं. ते दाबलं की बोट कितीही हळू पडो, यंत्र ते पूर्ण जोरानंच दाबलं असं धरून चालतं.

"येतं," ताई म्हणाल्या आणि त्यांनी बटण दाबलं.

मुलीनं पाच-सहा वेळा वाजवून पाहिलं. दरवेळी धाडधाड. "हां, हे झकास."

तिसऱ्या अंकात एक म्हातारी आई घर सोडून गेलेल्या मुलाच्या खोलीवर वाजवते. आत कुणी नाही हे तिला ठाऊक असतं. तिथं पेराचा आवाज हवा. पहिल्या अंकात पोलीस वाजवतात, तिथं तळहाताचा. ताईंना हे त्या क्षणी अगदी लख्ख आठवलं. जिभेवर आलेलं त्यांनी गिळून टाकलं. कळू दे एकदा, त्यांच्या मनात आलं. पहिल्याच गावात फजिती होईल आणि फोन येईल, वहिनी, लगेच निघा.

त्यांनी बॅग भरून ठेवली. फोन जिथं जातील तिथं बरोबर नेऊ लागल्या, अगदी न्हाणीघरातसुद्धा. पहिलं गाव झालं, चौथं झालं, नववं झालं. एकदा फोन आला तो गाडीच्या विम्याचे कागद कुठल्या कपाटात आहेत ते विचारायला.

दौऱ्यानंतर आपल्या गावात प्रयोग लागला, तो ताईंनी प्रेक्षकांत बसून पाहिला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच समोरून. तिसऱ्या अंकात आईचं काम करणाऱ्या बाईंनी थरथरतं बोट दारापाशी नेलं, नेता नेता थांबल्या, आणि मग बोट टेकवलं. धाडधाड. ताईंनी डोळे मिटून घेतले. शेजारचा माणूस दचकला, सावरून बसला आणि बायकोला म्हणाला, "चांगलं केलंय, नाही?"

पडदा पडल्यावर टाळ्या थांबत नव्हत्या. आवाजांबद्दल पुतणीला पुष्पगुच्छ मिळाला.

"कसं वाटलं, वहिनी?" दिरांनी विचारलं.

"तिसऱ्या अंकातलं दार..."

"हो ना. आता तो प्रवेश जास्त उठतो. लोक झोपेतून जागे होतात तिथं."

पुढच्या महिन्यात ताईंनी एका दंतवैद्याकडे पेशंटची नोंद ठेवण्याचं काम धरलं. नव्या नाटकासाठी दिरांनी एक दिवस आवाज भरून द्यायला बोलावलं, तेव्हा सुट्टी मिळत नाही म्हणून सांगितलं. अडलं काहीच नाही. पुतणीनं सगळे आवाज इंटरनेटवरून उतरवून घेतले. वर्षभरानं ते नाटकही चाललं.

एका सकाळी दवाखान्यात दिवेवाला आला, गाल सुजलेला. नंबर यायला वेळ होता. इकडचं तिकडचं बोलणं झालं, आणि वर्षभर कुणाला न सांगितलेलं ताईंच्या तोंडून निघून गेलं.

"ते बटण मीच दाबलं होतं. मुद्दाम. तिसऱ्या अंकाचं मी तिला सांगितलं नाही."

दिवेवाल्यानं गालावरचा रुमाल काढला. "तिसऱ्या अंकाचं काय?"

"दाराचा आवाज."

त्यानं आठवून पाहिलं. दौऱ्यातले तेराही प्रयोग त्यानं विंगेत उभं राहून ऐकले होते.

"मला तर नेहमीसारखाच वाटला, ताई," तो म्हणाला. "का, काही चुकलं होतं?"

ताईंनी नोंदवही पुढं ओढली, त्याचं वय विचारलं आणि लिहून घेतलं.