अमेयचा उजवा खांदा

भाऊजींचा फोन आला तेव्हा मी ऑपरेशन थिएटरमधून बाहेर येऊन कपडे बदलत होतो. "ये," एवढंच म्हणाले. मी तसाच गाडीत बसलो. लीड्सहून लेस्टरला, ताईच्या घरी, दोन तास लागतात. त्या दोन तासांत मी ना रेडिओ लावला, ना रडलो. आता सहा आठवडे होतील. अमेय, माझ्या ताईचा एकुलता एक मुलगा, सत्तावीस वर्षांचा, गेला. मी भूल देणारा डॉक्टर. लोकांना झोपवायचं आणि परत उठवायचं, आयुष्यभर हेच केलं, आणि घरच्या पोराच्या बाबतीत... जाऊ दे. पहिल्यापासून सांगतो.

अमेय आमच्या घरात जन्मला म्हणजे क्रिकेट ओघाने आलंच. तो धड चालायला लागायच्या आत भाऊजींनी बॅट आणून ठेवली होती. पण शाळेच्या मॅचमध्ये अंपायरने त्याची बोलिंग थांबवली. हा बॉल टाकत नाही, फेकतो, कोपर वाकतं, म्हणाला. भर मैदानात भाऊजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेच कोपर एका कॅनडियन सरांनी पाहिलं आणि अमेयला रविवारी बेसबॉल खेळायला घेऊन गेले. इकडे जो गुन्हा, त्याचं तिकडे कौतुक! पोरगं असं काही फेकायचं की समोरचा दोन पावलं मागे सरकायचा. पुढे अमेरिकेतल्या एका कॉलेजने त्याला स्कॉलरशिप दिली, आणि दोन हजार सालानंतर कधीतरी तिथल्याच एका छोट्या गावाच्या टीमने पगारावर ठेवून घेतला. पुण्यातल्या नातेवाइकांना हे समजावताना माझी पंचाईत व्हायची. "खेळतो ते ठीक, पण नोकरी काय करतो?"

नोकरी म्हणजे रिलीफ पिचर. सामना सुरू करणारा पिचर वेगळा असतो. तो दमला, किंवा त्याने घोळ घातला, की मैदानाच्या कडेला बसलेल्या अमेयला बोलवायचं. दुसऱ्याने करून ठेवलेलं निस्तरायचं, एवढंच ह्याचं काम. "अरे, मग तुलाच पहिल्यापासून का नाही देत?" भाऊजी वैतागायचे. "बाबा, मला असंच आवडते," तो त्याच्या इंग्लंडात वाढलेल्या मोडक्या मराठीत म्हणायचा. एका उन्हाळ्यात मी आणि ताई तीन मॅचेस बघायला गेलो. पहिल्या दोन दिवशी त्याला कोणी बोलावलंच नाही. नुसता बसून सूर्यफुलाच्या बिया चघळत होता. तिसऱ्या दिवशी बोलावलं, तेव्हा समोरच्या टीमची तीन माणसं धावायला तयार उभी आणि सगळं स्टेडियम ओरडतंय. अमेयने एक चेंडू टाकला. बॅटरने तो जमिनीवर मारला, दोघे आऊट, खेळ खल्लास. एवढा समुद्र ओलांडून एक चेंडू! आणि तोही ताईने पाहिला नाही, तिने डोळे मिटून घेतले होते.

पुढच्या वसंतात त्याने मला हॉस्पिटलमध्ये फोन केला. मी दोन केसेसच्या मध्ये घाईघाईने सँडविच खात होतो.

"मामा, माझी खांदा दुखते. फेकला नाही तरी दुखते. झोपेत पण."

झोपेत पण. हे दोन शब्द एखाद्या पेशंटने म्हटले असते तर मी हातातलं टाकून त्याला एक्स-रेला पाठवला असता. आणि मी भाच्याला काय सांगितलं? "अरे, खांद्यावरच पोट भरतोस, दुखणारच. बर्फ लाव, गोळी घे."

"टीमच्या डॉक्टरला सांगू? पण सांगितला तर दे विल लेट मी गो, मामा. माझ्या जागेसाठी खूप मुलं थांबलेत."

"मग आत्ता नको सांगूस. सीझन संपू दे," मी म्हणालो.

ह्याला मूर्खपणा म्हणा, नाहीतर आणखी काही. मी स्वतःला रोज एक नवीन शिवी देतो, पण त्याने काही होत नाही. अमेयने माझं ऐकलं. सीझन संपत आला असताना, एका मॅचमध्ये चेंडू हातातून सुटला आणि त्याच क्षणी दंडाचं हाड मोडलं. हाड आतून पोखरलेलं होतं. गाठ होती.

लेस्टरला आणल्यावर इथल्या सर्जनने विचारलं, किती दिवस दुखतंय? ताई एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला. अमेयने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "जस्ट अ फ्यू वीक्स." मी गप्प बसलो. डॉक्टर असून गप्प बसलो! बाहेर कॉरिडॉरमध्ये मला म्हणतो कसा, "चिल, मामा. तू झोपेचा डॉक्टर आहेस, हाडाचा नाही." पुढे हात गेला, मग छातीत पसरलं, आणि दीड वर्षात सगळं संपलं. त्या दीड वर्षात मी ताईच्या डोळ्याला डोळा भिडवला नाही.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले. ताई ओट्यापाशी डबे पुसत होती. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. फोन, बर्फ, सीझन, सगळं. ती पुसतच राहिली.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "तुझा फोन ठेवल्यावर त्याने मलाच केला होता. म्हणाला, आई, मामा म्हणतो काही नाहीये. मला इतकं हायसं वाटलं रे... मी देवापुढे साखर ठेवली. तू त्या शनिवारी आला होतास ना? तुझ्या हातावरही घातली होती. आठवतं?"

मला आठवलं नाही. कितीही डोकं खाजवलं तरी अजून आठवत नाही.

"डॉक्टरांना खोटं सांगितलंन, तेव्हाही कळलं मला," ती म्हणाली. "त्याला तुला वाचवायचं होतं. मग मी कशाला तोंड उघडू?"

रागावली असती तर बरं झालं असतं. दोन थोबाडीत मारल्या असत्या तर मी पाय तरी धरले असते. आता मी दर शनिवारी लेस्टरला जातो. ताईची पूजा आटपलेली असते. अमेयचा फोटो तिने देवांच्या शेजारीच ठेवलाय. ती वाटीतली चिमूटभर साखर माझ्या हातावर ठेवते, आणि मी ती खातो.