हेरगिरीचे साहेब आणि तात्यांची मेंढरं

कुमारच्या गळ्यातल्या कार्डावर ‘हेरगिरी विभागप्रमुख’ असं छापलेलं होतं, आणि साहेब ते जेवतानाही काढत नसत. विभागात माणूस एकच, ते स्वतः. सोलापुरात होटगी रोडला, हार्डवेअरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत सिद्धांतनं मोबाइल गेमची कंपनी काढली होती. गेम किल्ल्यांचा नि लढायांचा. त्यातली हेरगिरी रचायची कुमारनं.

रचली की! हेर पाठवायचा, जरा थांबायचं, शत्रूचं सैन्य आकड्यात हजर: चार हजार दोनशे सतरा. खेळून बघणाऱ्यांनी जांभया दिल्या. ‘हा हेर नाही, तलाठी आहे,’ असं एकीनं लिहूनच दिलं. सिद्धांतनं सोमवारची मुदत दिली. तोवर जीव आला नाही तर हेरगिरी गेममधून बाद, आणि कुमारनं बटणं रंगवायची. त्यानं हेरांना सतरा हुद्दे दिले, मिशा दिल्या, मिशा काढल्या. आकडा आपला तसाच.

शनिवारी वैतागून तो मंद्रूपकडच्या वस्तीवर गेला. वडील येडूतात्या मेंढरं राखतात. ऑफिसात ‘आमचा लाइव्हस्टॉकचा बिझनेस आहे’ असं सांगायचा पठ्ठ्या.

रविवारी सकाळी मेंढरं सुटायच्या आधीच सरकारकडून जनावरं मोजणाऱ्या विजयमालाबाई आल्या. ‘मेंढरं किती, तात्या?’

‘असत्याल की साठ-सत्तर.’

खरा आकडा परक्यापुढं काढला की कळपाला दृष्ट लागते, हे त्या माळावर शेंबडं पोरही जाणतं. बाईही जाणत होत्या. गालात हसून त्या कळपावर नजर फिरवायला लागल्या. पण आमचे विभागप्रमुख! ‘एकशे त्रेचाळीस,’ ते खणखणीत बोलले. ‘मी आत्ताच मोजली.’

तात्यांचा चेहरा उतरला. बाई गेल्यावर ते म्हणाले, ‘कुनी इचारलं हुतं तुला?’

‘खरं तेच सांगितलं की, तात्या.’

‘तिला न्हाय व्हय कळत? कल्लप्पा पन्नास म्हनतो, तवा मी त्याची मेंढरं मोजत बसतो का? मेंढरं पित्यात त्या डोणीतलं पानी किती सरलं, लेंड्या किती पडल्या, त्येच्यावरनं वळकायचं.’

कुमारनं पुढचं ऐकलंच नाही. मिळेल त्या जीपनं सोलापूर गाठून त्यानं सगळी हेरगिरी मोडून नव्यानं मांडली. आता प्रत्येक राजा आकडा सांगणार तो खोटा. हेर आणणार नुसत्या खुणा: विहीर किती आटली, चुली किती पेटल्या, घोड्यांची लीद किती पडली. आकडा खेळणाऱ्यानं ताडायचा. सोमवारी ऑफिसात एकमेकांना फसवण्यात लोक जेवण विसरले. हेरगिरी राहिली, कार्डही राहिलं. ‘माझी संकल्पना’ या विषयावर साहेबांनी तासभर भाषण ठोकलं. लिदीला ‘सेंद्रिय पुरावा’ म्हणाले. तात्यांचं नाव कुठं आलं नाही.

महिन्यानं पेढे घेऊन तो वस्तीवर गेला. मेंढ्या व्यायल्या होत्या, नुसता कालवा चाललेला.

‘कोकरं किती झाली, तात्या?’

घरच्या माणसाला तात्या आकडा कानात सांगायचे. कुमारला तर तो बोलायला लागल्यापासून सांगत आले होते. त्यानं सवयीनं कान पुढं केला.

‘झाली की चार-दोन,’ तात्या लांबूनच म्हणाले. ‘बसा. चा घेनार का?’

बापानं त्याला जन्मात कधी ‘बसा’ म्हटलं नव्हतं.