पान आपोआप सरकावं म्हणून

आईला मी सांगून बसलो, की महिनाभरात होईल. चाळिशी ओलांडली होती मी, म्हणजे लहान होतो ही सबबही नाही.

आजारपणानंतर आईचा हात थरथरतो. टॅबलेटवर कादंबरी वाचताना बोट टेकवलं की तीन पानं उडायची. पान आपोआप, सावकाश सरकावं, कोणाला हाक न मारता वाचता यावं, एवढंच तिला हवं होतं. वाचनाचं ते ॲप जगभरच्या हौशी लोकांनी मिळून, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत बनवलेलं. मीही त्यांच्यातलाच. ही सोय कोणीतरी आधीच सुचवलेली होती, पण एका जुन्या हरकतीपाशी अडकलेली. तिथला रिवाज असा, की हरकत ज्यानं घेतली त्यानंच ती मागे घ्यायची. तोवर सगळे थांबणार.

थांबलो. चेरीताल मोहल्ल्यातल्या आमच्या घराच्या गच्चीवर, हिवाळ्यातल्या उन्हात, वाळत्या सांडग्यांशेजारी आडवा होऊन मी चर्चा वाचायचो. वाचक झोपला तर? पानं जातच राहतील! मग झोपलेला ओळखायचा कसा? बर्फाच्या मुलखातला एक जण लिही, माझे आजोबा डोळे उघडे ठेवून झोपत. कोणी म्हणे, दर दहा पानांनी विचारावं, जागे आहात का? म्हणजे झोपलेल्याला उठवून विचारणार? वाचता वाचता अक्षरं तरंगू लागत, ऊन पायांवरून भिंतीवर चढे, आणि मीही कुठल्यातरी बर्फात पेंगत असे.

"काहून रे, झालं का?" आई खालून विचारी.

"चर्चा चालू आहे."

"एवढ्यात लोकांची लग्नं ठरतात. कोण मेला अडवून राहिला?"

"बाहेरदेशचे लोक आहेत, आई. सावकाश चालतात."

"अच्छा! त्यांना आया नाहीत का?"

दोन हिवाळे गेले. मध्ये कोणीतरी विचारलं, हरकत घेणारे गृहस्थ आहेत कुठे? त्यावर मीही तावातावानं सहमतीचा अंगठा दिला. मग एका दुपारी सहज चर्चा अगदी पहिल्या ओळीपर्यंत वर नेली. झोपेची ती हरकत माझीच होती. फार पूर्वी, नवा असताना, विद्वान दिसावं म्हणून टाकलेली. जुन्या टोपणनावानं, जे मी स्वतःच विसरलो होतो.

मागे घेतली. तासाभरात उत्तर आलं, "आभार. तुमचीच वाट पाहत होतो."

नवं ॲप आलं त्या दिवशी आई उन्हात बसली. हात मांडीवर, पान आपलं आपण सरकतंय. मला राहवलं नाही, खरं ते सांगून टाकलं. तिनं मानसुद्धा वर केली नाही.

"म्हणजे मी उगाच लोकांच्या पोरांना शिव्या देऊन राहिली होती. गधा तर माह्याच घरी जेवत होता."