कागदावर अडतीस

"हात पुढे करा," मी म्हणालो.

वसंतरावांनी हात पुढे केले. बोटं इतकी थरथरत होती की त्यांनी स्वतःच ती मागे घेतली.

"थंडी वाजतेय," ते म्हणाले. मे महिन्याची दुपार होती.

दारूबंदी लागू होऊन काही महिने झाले होते. मी ठाण्याच्या एका सरकारी इस्पितळात नुकताच लागलो होतो, अजून कायमसुद्धा झालो नव्हतो. वसंतराव कल्याणच्या कचेरीत हेडक्लार्क. शिस्तीचे गृहस्थ. रोज संध्याकाळी दार लावून अर्धी बाटली संपवायचे, आणि हे पंधरा वर्षं चाललेलं. बंदीआधी भरून ठेवलेल्या बाटल्या दोन दिवसांपूर्वी संपल्या. हातभट्टीवर जायची त्यांना लाज आणि पोलिसांची भीती. पत्नी कमलताईंनी त्यांना जवळजवळ ओढतच आणलं होतं.

"भिंतीवर मुंग्या दिसतात हो त्यांना," त्या म्हणाल्या. "रात्रभर झाडत बसतात. मुंगी एक नाही."

दारू सुटली की माणूस सुधारतो, असं लोकांना वाटतं. पण वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याने ती एकदम तोडली तर मेंदू बिथरतो. आधी थरथर आणि घाम, मग भास, मग फिट. त्यात माणूस जाऊही शकतो. अशांसाठी हेल्थ परमिट होतं. डॉक्टरने शिफारस करायची, मग ठरावीक दारू औषध म्हणून मिळायची. तरुणांनी दुखण्याचा बहाणा करू नये म्हणून आमच्याकडे वयाची अट होती, चाळीस पूर्ण.

मी फॉर्म ओढला. "वय?"

"अडतीस," वसंतराव म्हणाले.

"एक्केचाळीस," कमलताई म्हणाल्या. दोघं एकदमच बोलले.

मी पेन खाली ठेवलं. कमलताईंनी सांगून टाकलं. शाळेत घालताना मास्तरांनी तीन वर्षं कमी लिहिली होती, पुढे सरकारी नोकरी लागलीच तर तेवढीच जास्त मिळावी म्हणून. यात नवल काही नव्हतं. आमच्याकडचे निम्मे नोकरदार दोनदा जन्मलेले असतात, एकदा आईच्या पोटी आणि एकदा मास्तरांच्या टाकातून.

"गप्प बस तू!" वसंतराव ओरडले. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "डॉक्टर, सर्व्हिस बुकात अडतीस आहे. तुम्ही एक्केचाळीस लिहिलंत तर उद्या चौकशी आणि परवा मी घरी. चार पोरं आहेत मला."

त्यांचं खरं होतं. परमिटवाले कचेरीकडून वय पडताळून घेत. अडतीस लिहिलं तर परमिट नाही, एक्केचाळीस लिहिलं तर नोकरी नाही. मी त्यांना वॉर्डात घेतलं आणि झोपेचं औषध सुरू केलं. त्यानेच भागेल, अशी माझी समजूत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला त्यांना फिट आली. मी पुस्तकात वाचलेली होती, पाहिली नव्हती. पलंग भिंतीवर आपटत होता. त्यांच्या दातांमध्ये मी कशीबशी पट्टी धरली. फिट थांबली, पण नाडी सुतासारखी लागत होती. हा माणूस माझ्या हातून जाणार, असं मला वाटलं.

बाहेर कमलताई उभ्या होत्या. त्यांनी पिशवीतून एक गुंडाळी काढून माझ्या हातात कोंबली. वसंतरावांची जन्मपत्रिका होती.

"लिहा खरं वय. नोकरी गेली तर पोळ्या लाटीन मी. माणूस ठेवा."

मी तसाच सिव्हिल सर्जनच्या खोलीत गेलो. साहेब कडक, टेबलावर एक कागद तिरका चालायचा नाही. मी सगळं सांगून गुंडाळी सोडायला लागलो.

"उघडू नका!" साहेब गरजले. "मी ती पाहिली तर मला लिहावं लागेल. पेशंट कुठे आहे?"

"वॉर्डात, सर."

"मग परमिट कशाला मागता? परमिट घरी पिणाऱ्याला लागतं. आपल्या कपाटात ब्रँडी कशासाठी आहे?"

हे मला सुचलंच नव्हतं. कालपासून मी त्या फॉर्मकडेच बघत बसलो होतो, आणि ब्रँडी माझ्यापासून वीस पावलांवर कुलपात होती.

"पेशंट नीट शुद्धीवर आला की मोजून द्या, रोज कमी करा," साहेब म्हणाले. "रजिस्टरमध्ये नाव, खाट, आजार लिहा. वयाचा रकाना नाही त्यात."

दुपारी वसंतरावांना गिळता यायला लागलं. पहिला चमचा मी स्वतः दिला. पुढचे दोन दिवस मी त्यांच्या पलंगापासून फारसा हललो नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी भिंतीकडे नीट निरखून पाहिलं आणि म्हणाले, "गेल्या वाटतं." कमलताई तोंडाला पदर लावून बाहेर गेल्या. मलाही रडू आलं, ते मी कसंबसं आवरलं.

दहाव्या दिवशी ब्रँडी बंद झाली. डिस्चार्ज लिहिताना वॉर्डातल्या कारकुनाने वय विचारलं.

"अडतीस," कमलताई ठणकावून म्हणाल्या. मीही सही केली.

वसंतराव पुढे पूर्ण नोकरी करून निवृत्त झाले, मास्तरांनी दिलेली तीन वर्षं धरून. साहेबांना ब्रँडी सुचली नसती तर मी फॉर्मवर काय लिहिलं असतं, हे मला आजही माहीत नाही. पुढे तीस वर्षं प्रॅक्टिस केली. पेशंटचं वय मी नेहमी दोनदा विचारलं, एकदा केसपेपरसाठी आणि एकदा औषधासाठी.