गुरुवारचा हार

पा प्रायोंगच्या पायाला भिंगरी आहे, हे आमच्या गल्लीत कुणाला सांगावं लागत नाही. ती जेवते उभ्यानं, बोलते चालता चालता, आणि माझ्या नूडल्सच्या गाडीवर आली तरी बाकाच्या कडेला जरा टेकते, दोन घास घेते की उठलीच. 'पा' म्हणजे मोठी मावशी. माझी ती शेजारीण, भिंतीला भिंत. पण थायलंडमधल्या नाखोन पथोमच्या आमच्या गल्लीत तिला सगळेच पा म्हणतात, आणि तिचा नवरा सावेंग सगळ्यांचा लुंग, म्हणजे काका.

अर्धं आयुष्य तिनं ऑर्किडच्या बागेत काढलं. मग मालकानं जमीन विकली, तिथं गोदाम उभं राहिलं, आणि ही घरी बसली. बसली म्हणजे काय, दिवसभर अंगणातून रस्त्यावर आणि रस्त्यावरून अंगणात. तिला पाहून मलाच धाप लागायची. शेवटी वनौषधींच्या दवाखान्यातल्या डॉक्टर रोसरिन यांनी तिला काम दिलं. तिच्याच घरामागची खोली बंदिस्त केली, दिवे लावले, पंखे लावले, दारावर सरकारी परवाना चिकटवला आणि आत गांजाची झाडं ठेवली. त्या फुलांचं तेल निघतं. दुखण्यामुळे ज्यांचा डोळ्याला डोळा लागत नाही अशा कॅन्सरच्या रोग्यांना ते देतात.

"पा, मग त्यातले दोन थेंब तुम्हीच घ्या ना," मी म्हटलं होतं.

"माझी झोप गेली तर गेली. त्यांची लागू दे. आणि तू मिरपूड कमी टाक, ठसका लागतो."

गंमत अशी की, ही झाडं फुलावर आली की त्यांना अर्धा दिवस गच्च अंधार लागतो. रात्री हवा गार असते म्हणून दिवे संध्याकाळी लागायचे आणि सकाळी बंद व्हायचे. म्हणजे बाहेर दिवस असला की खोलीत रात्र. दार किलकिलं करून उजेड आत गेला तरी झाडं बिथरतात, फुलांत बी धरतं, औषध वाया जातं. जिला एका जागी दोन मिनिटं बसवत नाही, तिला दिवसभर बंद दाराबाहेर बसायची शिक्षा! ती दाराला नाक लावायची, कान लावायची, मग माझ्याकडे यायची, परत जायची. माझं गिऱ्हाईक तिच्या येण्याजाण्यानं दचकायचं.

पहिली खेप तिनं पाण्यानं घालवली. संध्याकाळी दिवे लागले की ही आत, आणि आत गेल्यावर हाताला काहीतरी काम हवंच. ऑर्किडला ती रोज पाणी मारायची, तीच सवय. कुंडीतली माती कधी सुकलीच नाही. चिलटं झाली, मुळं कुजली, पानं माना टाकून लोंबायला लागली आणि ती आणखी पाणी घालत राहिली.

"पा, कुंडी उचलून बघा," डॉक्टरांनी सांगितलं. "जड असेल तर हात मागे घ्या. हलकी लागली की मगच पाणी."

दुसऱ्या खेपेला पाणी जमलं, तर खताला चढली. कोवळ्या झाडाला नत्र घालतात तेच ती फुलावरच्या झाडालाही घालत राहिली. पानं काळपट हिरवी होऊन आत वळली, शेंडे करपले, फुलं मात्र किरटी. डॉक्टर चिडल्या नाहीत. त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं पा मला म्हणाली. त्या फक्त म्हणाल्या, "फुलाला नत्र नको, पालाश हवं असतं, पा, आणि थोडी उपासमारही. तिसऱ्यांदा असं झालं तर मला खोली बंद करावी लागेल. माझ्याही वर माणसं आहेत."

त्या दिवशी पा माझ्याकडे आली आणि काही न खाता उभी राहिली. "खोली गेली तर मी काय करू गं, लामाय? वेड लागेल मला."

मी तिच्यापुढे वाडगा ठेवला. तो तिथेच गार झाला.

तिसरी खेप झकास चालली होती. कुंड्या उचलून पाणी, बेतानं खत, फुलं टपोरी. आणि तोडणीला थोडेच आठवडे राहिले असताना पानांवर टाचणीनं टोचल्यासारखे फिके ठिपके आले. पानाखाली भिंग धरलं तर लाल कोळी. मोहरीच्या दाण्याहून बारीक किडे, पण पानाचा रस शोषतात, आणि वाढले की फुलांवर जाळं विणतात. जाळं लागलेलं फूल औषधाला चालत नाही. फवारणीही करता येत नाही, कडुनिंबाचं तेलसुद्धा नाही, कारण जे फुलावर पडेल ते रोग्याच्या पोटात जाणार.

मग पा जी उठली, ती उठलीच. ओल्या फडक्यानं एकेक पान खालून पुसायचं, खराब पानं काढून पिशवीत बांधायची, अंघोळ करून, कपडे बदलून आत जायचं. पुसून झालं की दुसऱ्या दिवशी ठिपके परत हजर. किडे येतात कुठून? संशयाची सुई आधी माझ्या मांजराकडे वळली. मग माझ्या मोड आलेल्या मुगाच्या टोपलीकडे. मग पंखा दुरुस्त करणाऱ्याकडे. डॉक्टरांच्या पांढऱ्या कोटावरसुद्धा तिनं एकदा भिंग धरलं, मी पाहिलंय.

शेवटी तिची नजर लुंग सावेंगच्या वाफ्यांवर गेली. लुंग जन्मभर बस चालवत होता. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्याचा डावा हात मांडीवर पडून असतो. उजव्या हातानं त्यानं अंगणात मिरच्या लावल्या होत्या, छोटी हिरवी वांगी लावली होती, आणि कडेनं झेंडू.

"पी, मिरच्या काढायच्या," पा म्हणाली. ती त्याला पी म्हणते, मोठ्या भावासारखं मानानं. "वांगीपण. वांग्यावर हे कोळी हमखास असतात."

"आत्ताच धरलीत वांगी."

"मला माहितीये."

लुंग बादली घेऊन उभा राहिला आणि तिनं सगळं मुळासकट उपटलं. मला राग आला. मी भिंतीवरून म्हटलं, "अहो, तो माणूस रोज त्या वांग्यांशी बोलतो!" तर म्हणाली, "मग आता माझ्याशी बोलेल." झेंडूला मात्र हात लावला नाही, कारण झेंडू गुरूंचा होता.

आमच्याकडे जो कुणी औषधाचं काम करतो, तो बुद्धांचे वैद्य जीवक यांना गुरू मानतो. खोलीत फळीवर त्यांची पितळी मूर्ती होती, आणि गुरुवार गुरूंचा म्हणून त्यांना ताजा हार. हार लुंग करायचा. लांब सुई उजव्या हातात, दोऱ्याचं टोक दातात, आणि एकेक झेंडू ओवत दुपार जायची. संध्याकाळी दिवे लागायच्या वेळेला पा त्याच्यासमोर यायची, दोन्ही हातांनी हार घ्यायची आणि आत जायची. येताना गेल्या आठवड्याचा वाळका हार आणायची. तो लुंग अंगणातल्या झाडांच्या बुंध्याशी टाकायचा.

वांगी उपटल्यानंतरच्या गुरुवारी पा माझ्याकडे आली तेव्हा मी गाडी झाकत होते. तिच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं आणि चेहरा उतरला होता.

"सापडलं," ती म्हणाली.

"काय?"

"हार घातला. हात जोडले. म्हटलं, गुरुजी, एवढे कोळी घालवा, मग तुमच्याकडे काही मागणार नाही. डोळे उघडले तर हाराच्या दोऱ्यावरून एक लाल ठिपका खाली उतरतोय. भिंग लावलं. झेंडूच्या प्रत्येक फुलाखाली आहेत, लामाय. फळीखालच्या झाडांची ओळ सगळ्यात खराब का, ते आज कळलं. दर गुरुवारी मीच हातात धरून आत नेत होते त्यांना. आणि वर नमस्कार करत होते!"

मला हसू आलं आणि मी ते गिळलं. "मग सुटलात की. लुंगला सांगा, हार बंद."

"त्यांना सांगायचं नाही." तिनं माझं मनगट पकडलं. "त्यांचा एक हात गेलाय. उरलेल्या हातानं ते हे एवढंच करतात. वांगी घेतली मी त्यांची. आता हेपण घेऊ? हा हार तुझ्याकडे ठेव. आत, दिसणार नाही असा."

तेव्हापासून दर गुरुवारी हार माझ्या स्वयंपाकघरात यायला लागला. लुंग ओवायचा, पा दोन्ही हातांनी घ्यायची, मागच्या दारानं माझ्याकडे द्यायची आणि मग कपडे बदलून खोलीत जायची. माझ्या खिळ्यावर झेंडूची रास झाली. इकडे तिनं लाल कोळ्यांना खाणारे दुसरे कोळी मागवले. भुशात मिसळून बाटलीतून येतात, पानांवर शिंपडायचे. फळीखालची ओळ तिनं रडत रडत काढून टाकली. बाकीची झाडं सावरतायत असं वाटायचं, पण खात्री कुठे होती? दिवसभर ती बंद दाराबाहेर येरझाऱ्या घालायची आणि मला विचारायची, "खाल्ले असतील ना गं त्यांनी?" जसं काही मी आत जाऊन बघून आले होते.

डॉक्टर तपासायला आल्या तोही गुरुवारच होता. संध्याकाळची वेळ, दिवे नुकतेच लागले होते. पा धुतलेला सदरा घालून खोलीच्या दाराशी उभी. लुंग शेजारी स्टुलावर, मांडीवर अर्धा झालेला हार. मी काही कामानिमित्त नाही, नुसती बघायला भिंतीपाशी उभी होते. डॉक्टर स्कूटरवरून उतरल्या आणि त्यांच्या हातात केळीच्या पानात बांधलेला ताजा हार होता. जाई आणि झेंडूचा.

"बाजारातून आणला," त्या हसून म्हणाल्या. "म्हटलं, आज आधी गुरूंना हात जोडू, मग तुमची परीक्षा."

पा दारात आडवी झाली. "हार आत नको, डॉक्टर."

"का?"

पा प्रायोंगनं लुंगकडे पाहिलं, हाराकडे पाहिलं. "आज... नको. गुरूंना आज नको."

"पा, गुरुवारी गुरूंना हार नको?" डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली. "आत काही लपवताय का?"

एक वाक्य बोलली असती तर सुटली असती, पण लुंग समोर बसला होता. ती नुसती दाराची कडी मुठीत आवळून उभी राहिली. डॉक्टरांनी हात पुढे केला, "सरा बाजूला."

"हारात किडे असतात, डॉक्टर," लुंग म्हणाला. "आत आले ते माझ्याच झेंडूवरनं आले. तिला माझ्यासमोर ते सांगायचं नाही, म्हणून अशी उभी आहे."

पा सावकाश वळली. "तुम्हाला कुणी सांगितलं?" आणि माझ्याकडे अशी नजर टाकली की मी 'मी नाही' म्हणत दोन्ही हात हलवले.

"कुणी सांगायला कशाला हवं? नवा हार आत जायचा आणि वाळका बाहेर येईना. म्हटलं, गुरुजी खातात की काय? मग तुझं भिंग घेतलं आणि झेंडूचं पान उलटून पाहिलं."

"कधी?"

"झाले की तीन-चार गुरुवार."

"आणि तरी ओवत राहिलात? एका हातानं? लामायच्या खिळ्यासाठी?" तिचा आवाज चढला होता. "मला वाटलं, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मी तोंड शिवून..."

"तू उभी राहतेस," लुंग म्हणाला.

"काय?"

"हार घेताना. माझ्यासमोर, दोन्ही हात पुढे करून. थोडाच वेळ, पण हलत नाहीस. बाकी आठवडाभर तू मला नुसती पाठमोरी दिसतेस, योंग."

मला रडू आलं, लपवत नाही. डॉक्टरांनी आपला हार फाटकाच्या खांबाला बांधला, बाहेरच्या नळावर कोपरापर्यंत हात धुतले, पिशवीतला धुतलेला कोट घातला आणि भिंग घेऊन एकट्याच आत गेल्या. दार लागलं.

मला वाटलं, आता ही अंगण तुडवणार. जिची अख्खी उमेद त्या दाराआड होती, ती काय स्वस्थ राहते! ती दारापासून फाटकापर्यंत गेली, परत आली. लुंगनं दोऱ्याचं टोक दातात धरलं, सुई फुलात घातली आणि फूल निसटून खाली पडलं. पा वाकली, फूल उचललं. मग जिथं वाकली होती तिथंच पायरीवर बसली. पूर्ण बसली, मांडी घालून.

"आणा तो दोरा इकडे," ती म्हणाली. "दात पडतील अशानं."

तिनं टोक धरलं, तो ओवत राहिला. झेंडू संपत आले तेव्हा दार उघडलं. डॉक्टर बाहेर आल्या, घामानं भिजलेल्या. त्यांनी पाकडे पाहिलं आणि ती उठेल म्हणून थांबल्या. ती उठली नाही.

"दोन झाडं फेकावी लागतील," डॉक्टर म्हणाल्या. "बाकी एकाही फुलावर जाळं नाही. खोली तुमच्याकडेच राहील, पा. ऐकताय ना?"

"ऐकलं," पा मान वर न करता म्हणाली. "जरा बाजूला उभ्या राहा, डॉक्टर. उजेड अडतोय, गाठ मारायचीये."